आर्गाइल: गणितात न बसणारी जागा

महाराष्ट्रात विधानसभेच्या एका जागेमागे सरासरी सव्वातीन लाखांहून जास्त मतदार येतात, गोव्यात तीसेक हजार. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात हा आकडा 14 हजारांच्या आसपास आहे. आणि त्याच प्रांताच्या नैऋत्य टोकाला, अटलांटिकच्या काठावर, आर्गाइल नावाचा मतदारसंघ आहे, जिथे साधारण साडेसहा हजार मतदार मिळून एक आमदार प्रांताच्या राजधानीत, हॅलिफॅक्सला, पाठवतात. आपल्याकडे पंचायत समितीचा गणसुद्धा बहुधा याहून मोठा असतो.

ही जागा 2012 मध्ये कायद्याने पुसली गेली. पुढच्या दोन सार्वत्रिक निवडणुका तिच्याविना झाल्या. 2017 मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने सांगितले की ज्या रीतीने ती पुसली त्याने नागरिकांच्या मतदानाच्या हक्काचा भंग झाला, आणि 2021 मध्ये जुन्याच नावाने ती नकाशावर परतली. लहान जागेच्या या मोठ्या भांडणात एक गोष्ट मात्र चमत्कारिक आहे: जागा असताना, नसताना आणि परत आल्यावर, तिन्ही वेळा तिथून एकाच पक्षाचा माणूस निवडून आला. मग गेले काय होते आणि परत मिळाले काय?

आधी माणसे

आर्गाइल म्हणजे एक शहर नव्हे. किनाऱ्याला फाटे फुटावेत तशा लांबट खाड्या आणि भूशिरे, त्यांच्यावर पसरलेली गावे: पबनिको, वेजपोर्ट, टस्केट, सेंट-ॲन-द्यू-रुइसो, सुरेट आयलंड. टस्केटमध्ये 1800 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेले न्यायालय आणि तुरुंग एकाच लाकडी इमारतीत आहेत. कॅनडात आजही उभे असलेले हे सर्वांत जुने न्यायालय मानतात.

इथले निम्म्याच्या आसपास लोक फ्रेंच भाषक ॲकेडियन, म्हणजे जुन्या फ्रेंच वसाहतवाल्यांचे वंशज, आहेत. पबनिकोची जहागीर 1653 मध्ये फिलिप म्यूस द'आंत्रेमाँ याला मिळाली, आणि त्याच्या वंशजांचे आडनाव आजही तिथल्या टपालपेट्यांवर दिसते. 1755 पासून ब्रिटिशांनी ॲकेडियनांना घराबाहेर काढून जहाजांत कोंबले आणि देशोधडीला लावले. पुढे परतीची मुभा मिळाली तेव्हा बहुतेकांच्या सुपीक जमिनी न्यू इंग्लंडहून आणलेल्या वसाहतवाल्यांनी व्यापलेल्या होत्या. पबनिकोची मंडळी मात्र आपल्याच जुन्या जागी परतू शकली, आणि अशी उदाहरणे फार थोडी आहेत. त्यांच्या उत्तरेला, सेंट मेरीच्या उपसागराकाठी, 1768 पासून क्लेअरची वस्ती उभी राहिली.

कॅथलिकांना या प्रांतात मत देण्याचा हक्क 1789 मध्ये मिळाला. आर्गाइलने 1836 मध्ये सिमोन द'आंत्रेमाँ यांना विधिमंडळात धाडले. तिथे पोहोचलेल्या पहिल्या ॲकेडियनांपैकी ते एक होते. हद्दपारीनंतर ऐंशी वर्षांनी, हद्दपार करणाऱ्यांच्याच सभागृहात. या प्रकरणाकडे पाहताना हा मागचा संदर्भ सुटला, तर 'साडेसहा हजारांना एक आमदार कशाला' एवढाच प्रश्न उरतो.

पोटापाण्याचा प्रश्न शेवंडीभोवती फिरतो. नैऋत्य किनाऱ्यावरचा 34 क्रमांकाचा मासेमारी पट्टा नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी उघडतो आणि 31 मेपर्यंत चालतो. त्या पहिल्या पहाटे पिंजऱ्यांनी लादलेल्या शेकडो बोटी एकदम बाहेर पडतात. 'डंपिंग डे' म्हणतात त्याला. यात एक राजकीय गोम आहे. मासेमारीचे परवाने, हंगाम, बंदरांचे धक्के हे सगळे ओटावाच्या केंद्र सरकारच्या हातात. प्रांताकडे मासे विकत घेणाऱ्यांचे आणि प्रक्रिया करणाऱ्यांचे परवाने उरतात. म्हणजे आर्गाइलच्या आमदाराला मतदारांच्या मुख्य धंद्यावर थेट हुकूम चालवता येत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये मिकमाक या आदिवासी समाजाच्या मच्छीमारांच्या हक्कांवरून किनारा पेटला आणि मिडल वेस्ट पबनिकोमधले शेवंड साठवण्याचे एक केंद्र जाळण्यात आले, तेव्हाही सगळ्यांची बोटे ओटावाकडे होती. आमदाराच्या वाट्याला येतात रस्ते, दवाखाने आणि शाळा. फ्रेंच भाषकांसाठी त्यातली शाळा ही सर्वांत नाजूक बाब.

जागा कशी तयार झाली

1981 पूर्वी काही दशके आर्गाइल वेगळा नव्हता. यारमथ जिल्हा मिळून दोन सदस्य निवडत असे. 1981 मध्ये तो विभागला आणि आर्गाइलला स्वतःची जागा मिळाली. तेव्हा नकाशे आमदारच आखत. सभागृहाची समिती बसायची, आणि कोणाचे गाव कुठे जाईल हे तिथे ठरायचे. असा कारभार कुठे नेतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

1991 मध्ये दोन गोष्टी जुळून आल्या. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सस्कॅचेवान प्रांताच्या मतदारसंघांवरील निकालात म्हटले की राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेतील मतदानाचा हक्क म्हणजे प्रत्येक मताचे तंतोतंत सारखे वजन नव्हे. हक्क आहे तो परिणामकारक प्रतिनिधित्वाचा. मतांची समानता ही त्यातली पहिली अट, पण भूगोल, समाजाचा इतिहास, अल्पसंख्याकांचे प्रतिनिधित्व यांसाठी तिला मुरड घालता येते. त्याच सुमारास नोव्हा स्कोशियाने पहिला स्वतंत्र सीमांकन आयोग नेमला. आयोगाने सरासरीपेक्षा 25 टक्के वर किंवा खाली एवढी मोकळीक ठेवली, आणि चार जागांना त्यातूनही सूट दिली: ॲकेडियनांसाठी आर्गाइल, क्लेअर आणि रिचमंड, तर कृष्णवर्णीय नोव्हा स्कोशियन समाजासाठी हॅलिफॅक्सजवळचा प्रेस्टन.

इथे आपल्या राखीव जागांचा साचा डोक्यात ठेवून वाचले तर घोटाळा होतो. आपल्याकडे राखीव मतदारसंघात उमेदवार कोण असू शकतो यावर बंधन असते. इथे तसले काही नाही. कोणीही उभे राहावे, कोणीही मत द्यावे. सूट फक्त लोकसंख्येच्या अटीतून. समाजाला जागेची हमी मिळत नाही, त्या जागेसाठी लढताना आपला आवाज बुडणार नाही एवढी संधी मिळते. आणि ती संधीही सारखी नाही. क्लेअरमध्ये फ्रेंच भाषक ठळक बहुसंख्येत आहेत, आर्गाइलमध्ये जेमतेम बरोबरीत, रिचमंडमध्ये तर तेही अल्पसंख्यच.

1993 च्या निवडणुकीत प्रेस्टनमधून वेन ॲडम्स निवडून आले आणि प्रांताला पहिला कृष्णवर्णीय आमदार मिळाला. या व्यवस्थेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत पक्का दाखला. आर्गाइलला असा दाखला देता येत नाही, कारण तिथे ॲकेडियन आमदार सूट मिळण्याआधीही निवडून येत होते. प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे, म्हणजे लोक ज्यांना टोरी म्हणतात त्यांचे, नील लब्लाँ 1984 पासून आमदार होते. 1993 च्या लिबरल लाटेत जागा अलिस्टर सुरेट यांच्याकडे गेली. हेच सुरेट पुढे क्लेअरमधल्या सेंट-ॲन विद्यापीठाचे प्रमुख झाले. 1998 मध्ये लब्लाँ परतले, 1999 मध्ये जॉन हॅम सरकारचे अर्थमंत्री झाले. 2003 मध्ये त्यांच्या जागी त्याच पक्षाचे क्रिस द'आंत्रेमाँ आले आणि आल्या आल्या कृषी व मत्स्य खाते सांभाळू लागले. पुढे आरोग्य खातेही त्यांच्याकडे आले.

यादी वाचून लक्षात येते की आर्गाइल ही मुळात टोरींकडे झुकलेली जागा आहे, अधूनमधून वाऱ्याबरोबर वळणारी. शेजारचे क्लेअर याच काळात लिबरलांचे राहिले. वेन गोडे तिथे 1993 ते 2013 सलग आमदार होते. रिचमंडमध्ये 1998 पासून लिबरल मिशेल सॅमसन. तीन ॲकेडियन जागा, एक भाषा, एक इतिहास, पण मतपेटी वेगवेगळी. 'जातीय मतपेढी' म्हणून या जागांना हिणवणाऱ्यांनी हे निकाल पाहिलेले नसतात.

2012

2009 मध्ये डॅरेल डेक्स्टर यांच्या नेतृत्वाखाली डाव्या वळणाच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने, म्हणजे एनडीपीने, 52 पैकी 31 जागा जिंकल्या. अटलांटिक कॅनडात या पक्षाचे हे पहिले सरकार. टोरी तिसऱ्या क्रमांकावर ढकलले गेले, तरी द'आंत्रेमाँ आर्गाइलमध्ये टिकले. चारही सूट असलेल्या जागांवर विरोधक होते: आर्गाइलमध्ये टोरी, क्लेअर, रिचमंड आणि प्रेस्टनमध्ये लिबरल. त्याच वर्षाअखेर सरकारने यारमथ ते मेन या जलद फेरीचे अनुदान थांबवले आणि फेरी बंद पडली. पर्यटनावर जगणाऱ्या नैऋत्य टोकाने ते विसरायचे नाही असे ठरवले.

दर दहा वर्षांचा सीमांकन आयोग 2012 मध्ये टेरेसा मॅकनील यांच्या अध्यक्षतेखाली बसला. या खेपेला सरकारने घातलेली अट स्पष्ट होती: प्रत्येक मतदारसंघ सरासरीच्या 25 टक्क्यांच्या आत, अपवाद नाही. सुनावण्यांत लोकांचे ऐकल्यावर आयोगाने मेअखेर दिलेल्या अंतरिम अहवालात चारही जागा तशाच ठेवल्या. म्हणजे अट मोडली. जूनमध्ये ॲटर्नी जनरल रॉस लँड्री यांनी अहवाल रद्दबातल ठरवून अट पाळायला सांगितले. सप्टेंबरच्या अंतिम अहवालात चारही जागा गेल्या, वर्षअखेर कायदा झाला, आणि सभागृह 52 वरून 51 चे झाले.

आर्गाइलला शेजारच्या शेलबर्न जिल्ह्यातल्या बॅरिंग्टनशी जोडले: आर्गाइल-बॅरिंग्टन. क्लेअर-डिग्बी, केप ब्रेटन-रिचमंड, प्रेस्टन-डार्टमथ याच पद्धतीने झाले. बॅरिंग्टन म्हणजे 1760 च्या दशकात केप कॉडहून आलेल्या इंग्रजी प्रोटेस्टंट मच्छीमारांची वस्ती. पिंजरे तेच, शेवंड तीच, बोटीसुद्धा एकाच कारागिराच्या असू शकतील. शाळा, चर्च आणि जिल्हा मात्र वेगळा.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. हॅलिफॅक्सची उपनगरे वाढत होती आणि तिथल्या माणसाचे मत आर्गाइलच्या मताच्या निम्म्या वजनाचे होते. लोकशाहीवादी माणसाला हे खुपायलाच हवे. पण विरोधकांच्या जागा बुडवण्याचा डाव म्हणून जे सरसकट बोलले गेले, तेही पुरते पटत नाही. बॅरिंग्टनचे वॉर्डन, म्हणजे स्थानिक पालिकेचे प्रमुख, राहिलेले स्टर्लिंग बेलिवो हे एनडीपीचेच मत्स्यमंत्री होते. नव्या नकाशात त्यांचा घरचा भाग आर्गाइलला गेला आणि त्यांना क्वीन्स-शेलबर्नमध्ये जावे लागले. डाव असलाच तर तो बेरकी नव्हता. मला यात राजकारणापेक्षा हटवादीपणा जास्त दिसतो: एकदा आकडा ठरवला की त्याच्यापुढे इतिहास ऐकायचाच नाही.

ऑक्टोबर 2013 मध्ये मतदारांनी एनडीपीला सात जागांवर आणले. डेक्स्टर स्वतः पडले, लँड्रीही पडले. आर्गाइल-बॅरिंग्टनमध्ये द'आंत्रेमाँ जिंकले.

न्यायालय

हा विजय, जागा पुसण्याविरुद्ध कोर्टात उतरलेल्या ॲकेडियन महासंघाच्या वकिलांसाठी सोयीचा नव्हता. जागा बुडाली तरी ॲकेडियन आमदार आलाच, तर नुकसान कशाचे? 2017 मध्ये तर प्रश्न आणखी टोकदार झाला, कारण द'आंत्रेमाँ पुन्हा जिंकले.

वाद निकालांवर लढला गेला असता तर आर्गाइल बहुधा हरले असते. पण तो प्रक्रियेवर लढला गेला. स्टीफन मॅकनील यांच्या लिबरल सरकारने 2014 मध्ये प्रश्न प्रांताच्या अपील न्यायालयाकडे मत मागण्यासाठी पाठवला. 24 जानेवारी 2017 रोजी उत्तर आले: हो, सनदेच्या कलम 3 चा भंग झाला, आणि त्याचे समर्थन करता येत नाही. समानता आणि परिणामकारक प्रतिनिधित्व यांचा तोल साधणे हे आयोगाचे काम होते, आणि सरकारच्या हस्तक्षेपाने ते काम त्याला करूच दिले नाही. जागा सांभाळायलाच हवी होती असे न्यायालय म्हणाले नाही. तोल साधल्यावर आयोगाला त्या बंदही करता आल्या असत्या.

मला या प्रकरणातला सर्वांत वाचनीय भाग हाच वाटतो. द'आंत्रेमाँ 2013 मध्ये जिंकले कारण ते दहा वर्षांपासून ओळखीचे आमदार होते, आणि बॅरिंग्टनचा मच्छीमार त्यांना मत देताना भाषा पाहत नव्हता. ती त्यांची पुण्याई होती, नकाशाची नव्हे. त्यांच्यानंतर काय, याचे उत्तर त्या निकालात नव्हते. शेजारी मात्र ते दिसू लागले होते. केप ब्रेटन-रिचमंडमध्ये 2017 साली एकोणीस वर्षे आमदार असलेले मंत्री मिशेल सॅमसन जेमतेम 21 मतांनी पडले. ही हार सीमारेषेमुळेच झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण त्या वर्षी लिबरलांविरुद्ध नाराजीही होती. पण 21 मतांच्या फरकात सीमेवरची दोन-चार खेडीसुद्धा मोजली जातात.

शिवाय ॲकेडियनांना कोर्टाची वाट नवी नव्हती. आर्गाइल, क्लेअर आणि आणखी तीन भागांतल्या पालकांनी फ्रेंच माध्यमाच्या माध्यमिक शाळांसाठी प्रांताला कोर्टात खेचले होते. 2000 साली न्यायाधीश आर्थर लब्लाँ यांनी शाळा बांधायचा आदेश तर दिलाच, वर काम कुठवर आले हे सरकारने वेळोवेळी येऊन सांगावे असेही बजावले. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो आदेश उचलून धरला. सरकार चालढकल करते आणि तेवढ्यात एक पिढी इंग्रजीत शिकून बाहेर पडते, हा त्या खटल्याचा गाभा होता. मतदारसंघाबाबतही वेळेचा तोच खेळ झाला. जानेवारी 2017 मध्ये निकाल लागूनही 30 मे 2017 ची निवडणूक मॅकनील सरकारने जुन्याच, म्हणजे दोषी ठरलेल्या, नकाशावर घेतली.

परतीचा नकाशा

न्यायालयाच्या निकालानंतर डग कीफ यांच्या समितीने परिणामकारक प्रतिनिधित्वाचा विचार केला. मग कॉलिन डॉड्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने एप्रिल 2019 मध्ये 55 जागांचा नकाशा दिला. आर्गाइल, क्लेअर, रिचमंड, प्रेस्टन परत. केप ब्रेटनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या शेतिकां या ॲकेडियन गावालाही अशी जागा हवी होती, ती तेव्हा मिळाली नाही. एकाला अपवाद दिला की दुसरा दारात उभा राहणारच, आणि त्याला नाही म्हणायचे कारण सांगणे सोपे नसते.

बॅरिंग्टन शेलबर्नकडे गेला. पण त्याआधी जोडमतदारसंघाने एक शेवटची निवडणूक पाहिली. द'आंत्रेमाँ संसदेच्या निवडणुकीसाठी राजीनामा देऊन बाहेर पडले, आणि 3 सप्टेंबर 2019 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्याच पक्षाचे, रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक म्हणून काम केलेले तरुण कोल्टन लब्लाँ निवडून आले. हा निकाल खरे तर दुसऱ्या बाजूच्या पारड्यात पडतो: ओळखीचा आमदार गेला, सीमा मिश्र होती, तरी ॲकेडियन उमेदवार जिंकला. वर मी जी शंका मांडली तिला आर्गाइलने तरी दुजोरा दिलेला नाही.

17 ऑगस्ट 2021 रोजी टिम ह्यूस्टन यांच्या टोरींनी 31 जागा जिंकून सरकार बनवले. परतलेल्या आर्गाइलमध्ये लब्लाँ प्रचंड फरकाने जिंकले आणि मंत्री झाले. क्लेअरमध्ये लिबरल रॉनी लब्लाँ, रिचमंडमध्ये टोरी ट्रेव्हर बुद्रो, प्रेस्टनमध्ये लिबरल अँजेला सिमंड्स. लब्लाँ आडनावांची ही गर्दी वाचकाला गोंधळात टाकते, पण त्या किनाऱ्यावर मतपत्रिकाही अशाच दिसतात.

क्रिस द'आंत्रेमाँ यांची पुढची वाट वेगळीच निघाली. 2019 आणि 2021 मध्ये ते वेस्ट नोव्हामधून कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार झाले, सभागृहाचे उपसभापतीही होते. नव्या रचनेत त्यांच्या संसदीय मतदारसंघाच्या नावातच 'अकादी' आले: अकादी-ॲनापोलिस. 2025 च्या वसंतात ते तिथून थोडक्या मतांनी वाचले आणि नोव्हेंबरमध्ये सरळ बाक ओलांडून सत्ताधारी लिबरलांत गेले. 2003 पासून टोरी म्हणून ज्यांना मते दिली त्यांचा राग समजण्यासारखा आहे. मात्र आर्गाइलच्या प्रांतिक जागेवर याचा काय परिणाम होईल हे पाहायला अजून निवडणूक व्हायची आहे.

26 नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत टोरींनी 55 पैकी 43 जागा घेतल्या आणि लिबरल दोनवर आले. क्लेअरसुद्धा या लाटेत गेले. तिथे रायन रोबिशो जिंकले. प्रेस्टन त्याआधीच, 2023 च्या पोटनिवडणुकीत, ट्वायला ग्रोस यांनी लिबरलांकडून हिसकावले होते आणि तेही टोरींकडेच राहिले. म्हणजे 2012 मध्ये चारही अपवादात्मक जागा विरोधकांकडे होत्या, आज चारही सरकारकडे आहेत. पुढचा दशवार्षिक आयोग याच दशकाच्या अखेरीस बसायचा आहे. तोवर हॅलिफॅक्स आणखी फुगलेले असेल, आर्गाइलचा आकडा जिथल्या तिथे असेल, आणि या वेळी छोट्या जागांना हात लावला तर सरकारला स्वतःचेच आमदार गमवावे लागतील.